खंड्या, बहावा आणि कृष्णगिरी

वैशाख लागला म्हणजे मुंबईकर गृहस्थाला डोंगराची आठवण होते. ज्याची ऐपत आहे तो महाबळेश्वरीं जातो, ज्याची तेवढी नाहीं तो माथेरानास जातो, आणि ज्याची दोहोंचीही नाहीं तो पंख्याखालीं बसून जाऊन आलेल्यांचीं वर्णनें ऐकतो. मी ह्या तिन्ही वर्गांत बसत नाहीं. शिक्षकाला उन्हाळ्याची सुटी भरपूर आणि पगार बेताचा. अशा स्थितींत ईश्वरकृपेनें मला डोंगर घराच्या पाठीशींच मिळाला. १९८६ सालीं आम्ही मुलुंडास पश्चिमेकडे राहावयास आलों, तेव्हां आमच्या वसाहतीच्या मागील कुंपणापाशीं रस्ता संपे आणि तेथूनच चढण लागे. सकाळीं चहा घेऊन निघालें कीं अर्ध्या तासांत गाड्यांचा आवाज खालीं राही आणि तांबट पक्ष्याची ठोकठोक तेवढी ऐकूं येई. पुढें तीस वर्षें मी हवा पालटण्यासाठीं दुसरीकडे कोठें गेलों नाहीं, व त्याबद्दल आमच्या कुटुंबानें मला अद्याप पुरती क्षमा केलेली नाहीं.

हा डोंगर म्हणजे सह्याद्रि नव्हे, हें प्रथमच सांगितलेलें बरें. नाहीं तर गडकिल्ले चढणारे तरुण वाचक हंसतील. साष्टीच्या मधोमध दक्षिणोत्तर पसरलेली ही बुटक्या टेकड्यांची रांग आहे. तिचें सर्वांत उंच ठिकाण जांभूळमाळ, तेंही समुद्रसपाटीपासून सुमारें ४७० मीटरच. पश्चिमेस गोरेगांव, मालाड, बोरिवली. पूर्वेस भांडुप, मुलुंड, ठाणें. आणि मध्यें सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें अरण्य, ज्याला आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. दगड काळा. अंधेरीस गिल्बर्ट टेकडीचा जो उभा काळा सुळका वाचकांनीं पाहिला असेल, तोही अशाच प्राचीन ज्वालामुखीच्या रसाचा थिजून झालेला आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटांत हें रान वांचलें कसें, असें पुष्कळजण विचारतात. त्याचें उत्तर पाण्यांत आहे. मुंबईची तहान भागविण्यासाठीं इंग्रजी अमदानींत येथें १८६० सालीं विहार आणि १८७९ सालीं तुळशी असे दोन तलाव पुरे झाले, आणि त्यांचें पाणी स्वच्छ राहावें म्हणून भोंवतालचा मुलूख मोकळा ठेवण्यांत आला. म्हणजे वनावर प्रेम करून नव्हे, तर नळावर प्रेम करून मुंबईनें हें वन राखलें. असो.

खंड्या आमच्याकडे आला तो १९९८ च्या पावसाळ्यांत. शाळेच्या व्हरांड्यांत भिजत पडलेलें तें पिंवळसर पिल्लू मीं पिशवींत घालून घरीं आणिलें. आमच्या घरांत तोंवर कुत्र्याचा शिरकाव नव्हता. माझे वडील वैश्वदेवाच्या वेळीं श्वानाचा भाग न चुकतां काढून ठेवीत. परंतु तो भाग खावयास येणाऱ्या श्वानानें उंबऱ्याच्या आंत पाऊल ठेविलेलें त्यांना खपत नसे. मातोश्री तेव्हां हयात होत्या. त्यांनीं पिल्लाकडे एकवार पाहून, "मागच्या गॅलरींत राहील, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाहीं, आणि त्याला हात लावून तूं देवांना शिवणार नाहींस," अशा तीन अटी घातल्या. खंड्यानें पहिल्या दोन जन्मभर पाळल्या. तिसरी मला पाळावयाची होती, तेव्हां तिच्याविषयीं न बोललेलें बरें. नांवही मातोश्रींनींच ठेविलें. मल्हारी मार्तंडाच्या पायाशीं कुत्रा असतो, तेव्हां ह्याला खंडोबाच्या नांवानें हांक मारण्यांत दोष नाहीं, असा त्यांनीं निर्णय दिला. मीं आपली पाणिनीची साक्ष काढिली. पाणिनीनें एका सूत्रांत कुत्रा, तरुण आणि इंद्र ह्या तिघांना एकाच पंक्तीस बसविलें आहे, आणि त्यावरून पंडितांनीं पुष्कळ विनोद केलेले आहेत. मातोश्री म्हणाल्या, "पाणिनीच्या घरीं सोवळें कोण सांभाळीत होतें?" ह्या प्रश्नाचें उत्तर महाभाष्यांतही सांपडावयाचें नाहीं.

त्यापुढील उन्हाळे आम्ही दोघे तो डोंगर चढलों. नियम असा कीं पहाटे साडेपांचास निघावयाचें आणि ऊन तापण्यापूर्वीं, नवाच्या आंत, परत यावयाचें. सामान म्हणजे काठी, पाण्याची बाटली, खंड्यासाठीं जर्मनची एक वाटी आणि खिशांत शिळ्या पोळीचे चार तुकडे. वैशाखांतलें रान प्रथम पाहणाराला उघडेंबोडकें वाटतें. साग निष्पर्ण, गवत वाळून भुरें झालेलें, कारवीच्या नुसत्या काठ्या उभ्या, आणि पाऊल पडेल तेथें पाचोळ्याचा चुरा. "ह्यांत पाहावयाचें तें काय?" असें माझे एक सहशिक्षक एकदां बरोबर आले असतां म्हणाले, आणि पुन्हां आले नाहींत. परंतु आपल्या इकडील पुष्कळ झाडांची रीतच अशी आहे कीं अंगावरचीं पानें टाकून मग फुलावयाचें. पानांचा आडोसा गेला म्हणजे फूल दुरून दिसतें, आणि पांखरांना व मधमाशांना तें शोधावें लागत नाहीं. माघ-फाल्गुनांत काटेसावर, पळस आणि पांगारा ह्या तिघांचा तांबडा कारभार असतो. तो आटोपतो न आटोपतो तोंच कुंभा फुलतो. त्याचीं मोठालीं, केसाळ पुंकेसरांचीं फुलें रात्रीं उमलतात आणि सकाळीं झाडाखालीं त्यांचा सडा पडलेला असतो. अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे गेंद असे चिकटलेले असतात कीं कोणी फांदीलाच रंग लाविला असावा. झुडुपांवरून कुसर चढलेली असते. कुसर म्हणजे रानांतला मोगराच; फूल पांढरें, पाकळ्या लांब, आणि वास असा कीं वळणावर फुलाच्या आधीं तोच भेटतो.

मग पांढरा कुडा. यक्षानें मेघाला जें अर्घ्य दिलें तें ह्याच कुटजाच्या फुलांचें. मेघदूत शिकवितांना मीं कित्येक वर्षें 'कुटज म्हणजे एक प्रकारचें फूल' एवढाच अर्थ मुलांना सांगितला होता, आणि मुलांनींही तो निमूटपणें लिहून घेतला होता. तें फूल प्रत्यक्ष ओळखलें तें ह्या डोंगरावर, वयाच्या चाळिशीच्या सुमारास. आमच्यासारख्या संस्कृतज्ञांची ही एक खोडच आहे. शंभर वृक्षांचीं नांवें पाठ, आणि खिडकीबाहेरच्या झाडाची ओळख नाहीं.

सर्वांच्या मागून, वैशाखाच्या ऐन भरांत, बहावा. हा फुलला म्हणजे बाकीच्यांची सद्दी संपली. फांदीफांदीवरून हातभर लांबीचे पिंवळे घोंस खालीं लोंबतात आणि वाऱ्याबरोबर सावकाश हेलकावतात. आपल्या वैद्यांनीं त्याला आरग्वध आणि राजवृक्ष अशीं नांवें दिलीं. कुमारसंभवांत कालिदासानें कर्णिकाराला रंग आहे पण गंध नाहीं म्हणून विधात्याला बोल लाविला आहे. तो कर्णिकार म्हणजे हाच बहावा असें पुष्कळ टीकाकार मानतात. आमच्या डोंगरावर वरच्या धारेच्या अलीकडे एका कपारींत एक जुना बहावा होता. तेथें सपाट दगड होता, आणि त्या दगडावर बसून खालीं मुलुंडचीं छपरें व पलीकडे ठाण्याची खाडी दिसे. तेथपर्यंत जाऊन पोळीचे चार तुकडे दोघांत वांटून खाणें हा आमचा उन्हाळी नेम होता.

खंड्याला ह्या शोभेचें काय वाटत असेल, हा प्रश्न मला नेहमीं पडे. कुत्र्याच्या डोळ्यांविषयीं शास्त्रज्ञांनीं जें शोधून काढिलें आहे तें मोठें मौजेचें आहे. रंग ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या डोळ्यांत तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यांत दोनच. निळा आणि पिंवळा हे रंग त्याला कळतात. तांबडा आणि हिरवा ह्यांतला भेद त्याला करतां येत नाहीं. म्हणजे ज्या पळसावर कवींनीं एवढी शाई खर्चिली, तो खंड्याच्या लेखीं पाचोळ्याहून फारसा निराळा नव्हता. परंतु निळी अंजनी आणि पिंवळा बहावा हीं दोन झाडें त्यालाही रंगांत दिसत असलीं पाहिजेत. हें वाचल्यापासून त्या दगडावर बसण्यांत मला एक निराळेंच सुख वाटूं लागलें. बाकी त्याचें खरें वाचन नाकानें चाले. एखाद्या दगडापाशीं तो पांच पांच मिनिटें उभा राही. मी म्हणें, "खंडोबा, पुरें झालें भाष्य, पुढचें सूत्र घ्या." कधीं कधीं मात्र एखाद्या वळणावर तो एकाएकीं थांबे, त्याच्या मानेवरचे केंस उभे राहत, आणि तो मागें येऊन माझ्या दोन पायांच्या मध्यें बसे. मला तेथें कांहींच दिसत नसे. मी त्याला भित्रा म्हणून हंसें.

डोंगरांतल्या पाड्यावरून एक वारली बाई आमच्या वसाहतींत करवंदें विकावयास येई. वळवाचा पाऊस पडून गेला कीं तीच शेवळें घेऊन येई. हीं शेवळें म्हणजे जमिनींतून भाल्यासारखें वर येणारें फूलच. तें चिरून भाजी करतात, आणि घशाला खाज सुटूं नये म्हणून तिच्यांत काकड नांवाचें आंबट फळ घालतात. शेवळ्यांबरोबर काकडें द्यावयास ती बाई कधीं विसरली नाहीं. तिनें मला खंड्याबरोबर वाटेवर दोन-तीनदां पाहिलें आणि एके दिवशीं टोपली खालीं ठेवून म्हणाली, "गुरुजी, कुत्रं घेऊन रानात नका फिरू. कुत्रं म्हंजी वाघाला आवतण." बिबळ्याला ते लोक वाघच म्हणतात, आणि वाघोबा म्हणून शेंदूर लावून त्याची पूजाही करतात. मीं करवंदांचे पैसे दिले आणि, "बरें बरें," असें म्हटलें. बाजारांतल्या बाईचें बोलणें आपण जसें ऐकतों तसेंच तें मीं ऐकिलें.

ती गोष्ट २००३ सालच्या मे महिन्यांतली. सकाळीं घरीं पाहुणे आले आणि आमचा फेरा चुकला. दिवसभर खंड्या गॅलरींत येरझारा घालीत होता. वरचा बहावा त्या आठवड्यांत पूर्ण फुललेला होता, आणि सुटी संपत आलेली. म्हणून मीं आपलाच नियम मोडला आणि संध्याकाळीं साडेपांचास निघालों. वर पोंचेपर्यंत सूर्य डोंगराआड गेला. पूर्वेकडच्या उतारावर अंधार लवकर पडतो, हें मला ठाऊक होतें. बहाव्याखालीं बसलों. नेहमींप्रमाणें मीं खंड्याचा पट्टा सोडला होता. उठूं उठूं म्हणतां सात वाजून गेले. खंड्या पुढें, मी मागें, असे उतरूं लागलों. एका वळणापाशीं तो थांबला, मागें वळला आणि माझ्याकडे येऊं लागला. आणि मीं, काय दुर्बुद्धि झाली कोणास ठाऊक, काठीनें त्याला पुढें हो म्हणून खुणाविलें. तो आज्ञाधारक प्राणी, पुढें गेला. कारवीच्या काठ्या एकदांच वाजल्या. एक ओरडणें ऐकूं आलें, तेंही अर्धेंच. मग कांहीं नाहीं. मी हांका मारीत किती वेळ उभा होतों तें मला सांगतां येत नाहीं. कारवींत शिरण्याचें धैर्य झालें नाहीं, हें मात्र सांगितलें पाहिजे.

घरीं आलों तेव्हां हातांत रिकामा पट्टा होता. दार आमच्या कुटुंबानें उघडलें. तिनें पट्ट्याकडे पाहिलें आणि कांहीं विचारलें नाहीं. ज्यांनीं तीन अटी घातल्या होत्या त्या मातोश्री त्या रात्रीं जेवल्या नाहींत, आणि पुढें कितीतरी दिवस गॅलरींतल्या वाटींत दोन घांस काढून ठेवीत. ते सकाळीं कावळे खात.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच वर गेलों. पाड्यावरची ती बाई लांकडें घेऊन उतरत होती. तिनें मोळी टाकिली, मला तें ठिकाण दाखवावयास सांगितलें, आणि पाचोळ्यांत ओढल्याची खूण होती ती दाखविली. मी म्हणालों, "माझ्यावर आलेलें त्याच्यावर गेलें." ती म्हणाली, "तुमच्यावर न्हाय आलेलं, गुरुजी. तो तुमच्यासाठी आलाच नव्हता." तिनें आणखी कांहीं म्हटलें नाहीं. "मी सांगितलें होतें," असेंही नाहीं.

आतां जें सांगावयाचें आहे तें खंड्याच्या मरणाहून अवघड आहे. वाचकांपैकीं ज्यांचें वास्तव्य ह्या बाजूस होतें त्यांना २००२ ते २००४ हा काळ आठवत असेल. बिबळ्यांच्या हल्ल्यांत उद्यानाच्या भोंवतालच्या वस्त्यांतलीं माणसें, त्यांतही लहान मुलें, दगावत होतीं; लोक तिन्हीसांजेला दारें लावून घेत. आमच्या वसाहतींत सभा भरली. पिंजरा लावून बिबळ्या पकडून न्यावा असा अर्ज करावयाचें ठरलें, आणि माझें अक्षर चांगलें व भाषा बरी म्हणून तो लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं तो एका बैठकींत लिहिला. तीन पानें झालीं. आमच्या वसाहतींत कोणाच्या केंसासही धक्का लागलेला नव्हता. परंतु मीं 'नरभक्षक', 'रक्तपिपासु' हीं विशेषणें हात न आखडतां वापरिलीं. खालीं पहिली सही माझीच होती. थोड्या दिवसांनीं पिंजऱ्यांत एक बिबळ्या सांपडला. आम्ही सारे पाहावयास गेलों. गजांवर डोकें आपटून त्याचें कपाळ फुटलें होतें, आणि गर्दी जसजशी पुढें सरे तसतसा तो मागच्या कोपऱ्यांत अधिकच दबून बसे. खंड्याला नेणारा तोच कीं दुसरा, हें कोणास सांगतां आलें असतें? मला त्या वेळीं समाधान वाटलें. तें खोटें बोलून कशाला लपवूं?

पुढें कांहीं वर्षांनीं मीं ह्या विषयावर जें जें मराठींत आणि इंग्रजींत मिळेल तें वाचूं लागलों. जुन्नरच्या बाजूस पकडून दुसरीकडे नेऊन सोडलेल्या बिबळ्यांचा शास्त्रज्ञांनीं अभ्यास केला आहे. ज्या रानांत ते सोडले, तेथें माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजीं वाढले. कारण उघड आहे. बिबळ्याला आपल्या मुलखाची वाट, पाणी, लपण्याच्या जागा ठाऊक असतात. अनोळखी रानांत टाकल्यावर तो भांबावतो, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा एखादा तरुण बिबळ्या येऊन धरतो. मुंबईच्या ह्या रानांतही बाहेरून आणलेले बिबळे सोडलेले होते. म्हणजे ज्या अर्जावर माझी पहिली सही होती, त्यानें आमच्या वसाहतीचें भय गेलें नाहीं, आणि दुसऱ्या कोणाच्या अंगणांत तें कदाचित् नेऊन टाकिलें. कोणाच्या, हें मला कधींच कळणार नाहीं.

२०११ पासून वनाधिकारी, अभ्यासक आणि नागरिक ह्यांनीं मिळून निराळी वाट धरली. वस्तीजवळचा कचरा उचला, म्हणजे कुत्रीं जमणार नाहींत, दिवे लावा, मुलांना अंधारांत एकटें पाठवूं नका, बिबळ्या दिसला तर गर्दी करूं नका. वारली बाई जें एका वाक्यांत म्हणाली तेंच हें, विस्तारानें. २०१५ सालीं रानांत कॅमेरे लावून मोजणी केली तेव्हां ह्या उद्यानाच्या परिसरांत ३५ बिबळे भरले. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधांत असा अंदाज केलेला आहे कीं हे बिबळे वर्षाकांठीं सुमारें १,५०० भटकीं कुत्रीं खातात, आणि त्यामुळें कुत्रें चावण्याचे सुमारें हजार प्रसंग टळतात. हिशेब खरा असेल. पण ज्यानें त्यांतला एक घरीं पाळलेला होता, त्याला तो हिशेब एका दमांत वाचवत नाहीं. ऋतुसंहाराच्या आरंभीं ग्रीष्माचें वर्णन करतांना कालिदासानें असें दाखविलें आहे कीं उन्हाच्या तापानें प्राणी आपलें जन्मजात वैर विसरतात आणि बेडूक सापाच्या फणीच्या सांवलींत बसतो. तो सर्ग मीं २००३ नंतर वर्गांत शिकविला नाहीं.

निवृत्त झाल्यावर, २०१८ सालीं, आम्ही मुलाकडे बोरिवलीस राहावयास आलों. म्हणजे तोच डोंगर, पण दुसऱ्या अंगानें. येथून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता आहे. कृष्णगिरि म्हणजे काळा डोंगर. त्याचेंच कान्हेरी झालें. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या दहाव्या शतकापर्यंत येथें बौद्ध भिक्षु राहत होते. लहानमोठीं शंभरांवर लेणीं आहेत. तिसऱ्या लेण्यांत यज्ञ सातकर्णीच्या काळचा शिलालेख आहे. मला मात्र मोठ्या चैत्यगृहापेक्षां लहान लहान कोठड्यांबाहेरच्या पाण्याच्या पोढी अधिक आवडतात. पावसाचें पाणी कातळावर चर खोदून पोढींत वळविलेलें असे, आणि ऐन वैशाखांत भिक्षूला तेंच पुरे. दाराशीं दगडी बांक, बांकावर बसलें कीं समोर उतारावर कुडा आणि बहावा. हजार वर्षें हे लोक बिबळ्यांच्या शेजारीं राहिले. त्यांचे दानलेख पुष्कळ सांपडले. बिबळ्या पकडून न्यावा असा अर्ज कोरलेला मीं अद्याप पाहिला नाहीं.

माझ्या नातवाकडे मोती नांवाचा कुत्रा आहे. घरांत दुसरा कुत्रा आणावयास मी प्रथम तयार नव्हतों; पण आजोबांचें मत हल्लीं विचारण्यापुरतें विचारतात. नातवाला मीं महाभारत सांगत आलों आहें, आणि महाप्रस्थानिक पर्व त्याचें विशेष लाडकें. बंधु पडले, द्रौपदी पडली, पण धर्मराजानें कुत्र्याला सोडिलें नाहीं. इंद्र रथ घेऊन आला तरी, कुत्र्यावांचून स्वर्गही नको असें म्हणाला. २०२४ च्या वैशाखांत एका रविवारीं सकाळीं नातू, त्याचे वडील, मी आणि मोती असे उद्यानाच्या दाराशीं पोंचलों. कुत्रा आंत नेतां येत नाहीं हें मला माहीत होतें आणि मीं घरींच सांगितलें होतें. परंतु दाराशीं गेल्यावर सोडतील, अशी त्या दोघां बापलेकांची समजूत. रखवालदारानें सौम्यपणेंच सांगितलें, "आजोबा, कुत्रा आत जाणार नाही." नातवाच्या डोळ्यांत पाणी आलें. तो मला म्हणाला, "मग धर्मराजानें कसा नेला? तुम्हीच सांगितलंत ना?"

दारापाशीं माणसांची रांग, पाठीमागें हॉर्न, आणि शास्त्रार्थ असा कठीण. मीं त्याला रांगेच्या बाजूस घेतलें. २०१८ सालीं गीरच्या रानांत कुत्र्यांच्या रोगासारख्या एका रोगानें कितीतरी सिंह मेले, तें सांगितलें. कुत्रा आंत गेला कीं चितळ आणि भेकर उधळतात, आणि बिबळ्या त्याच्या मागावर येतो, तेंही सांगितलें. त्याचें समाधान झालेलें दिसेना. तेव्हां मीं त्याला खंड्याची गोष्ट सांगितली. घरांत ती आजवर मीं कोणाला पुरी सांगितली नव्हती. काठीनें पुढें हो म्हणून खुणाविल्याचा भाग तर आमच्या कुटुंबालाही नाहीं. त्याचे वडील ऐकत उभे होते. तो मोठा झाला त्याच गॅलरीच्या घरांत, पण त्या मे महिन्यांत तो आजोळीं होता.

नातू थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मग मोतीजवळ कोण थांबणार?"

मी थांबलों. ते दोघे आंत गेले. दाराबाहेर एका झाडाखालीं चहाची टपरी होती, तेथें बांकावर मी आणि मोती तीन तास बसलों. येणारेजाणारे त्याला बिस्किटें देत होते. माझ्या गुडघ्यांना आतां कान्हेरीची चढण झेपत नाहीं, त्यामुळें ह्यांत त्याग वगैरे कांहीं नव्हता.

साडेअकराच्या सुमारास दोघे घामाघूम होऊन परत आले. फुलें तोडावयाची नसतात म्हणून नातवानें वहींत नांवें लिहून आणिलीं होतीं: बहावा, तीन झाडें, कुडा, पुष्कळ, कुसर, वास आला पण दिसली नाहीं, अंजनी, फुलें संपलीं. कारवी हिरवी नव्हती, नुसत्या काठ्या होत्या, असें त्यानें शेवटीं लिहिलें होतें. मीं त्याला सांगितलें, कारवी आठ वर्षांतून एकदां फुलते; मागें २०१६ सालीं फुलली होती, तेव्हां यंदां पावसाळ्याच्या अखेरीस पुन्हां फुलेल. ती त्याप्रमाणें फुललीही, आणि ती पाहावयास तो दोनदां गेला. परंतु त्या दिवशीं त्याचें लक्ष माझ्या बोलण्याकडे नव्हतें. मोतीनें त्याचे बूट हुंगावयास आरंभ केला होता. आधीं उजवा, मग डावा, मग पुन्हां उजवा. टांचेपाशीं एका ठिकाणीं तो बराच वेळ थांबला. त्याच्या मानेवरचे केंस हळूहळू उभे राहिले, आणि तो मागें सरून माझ्या पायांच्या मध्यें येऊन बसला.

"आजोबा, तो घाबरला का?" नातवानें विचारलें.

मीं मोतीच्या पाठीवर हात ठेविला आणि तो उठेपर्यंत आम्ही तेथेंच बसलों. रिक्षावाल्यानें कुत्र्याचे दहा रुपये अधिक घेतले.